वाचकांचे प्रश्न: गिटमध्ये गेलेलं काम, गेलेली की आणि सापडत नसलेला बग

प्रश्न: गिटमध्ये (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) घाईत 'गिट रीसेट हार्ड' मारलं आणि दोन दिवसांचं काम उडालं. ब्रँच पुशही केली नव्हती, म्हणजे सर्व्हरवर पाठवली नव्हती. टीममधला एकजण म्हणतो आता विसर आणि परत लिही. खरंच काही होत नाही का?

उत्तर: होतं, पण आधी सांगा, कमिट केलं होतं का, म्हणजे बदलांची गिटमध्ये नोंद केली होती का? केलं असेल तर काम तुमच्या मशीनवरच आहे. ब्रँच म्हणजे शेवटच्या कमिटचा हॅश (त्याचा ओळखक्रमांक) लिहिलेली एक चिठ्ठी, रीसेटने त्या चिठ्ठीवरचा हॅश बदलला एवढंच, जुना कमिट आत तसाच पडलाय. 'गिट रीफ्लॉग' मारा, हेड (म्हणजे तुम्ही सध्या ज्या कमिटवर आहात ती खूण) कुठून कुठे गेला त्याची यादी येईल, सगळ्यात नवीन हालचाल वर. रीसेटची जी ओळ दिसेल तिच्या लगेच खालच्या ओळीत तुमचा हॅश. आता परत रीसेट वगैरे करत बसू नका, 'गिट ब्रँच', पुढे काहीतरी नाव आणि तो हॅश, की झाली नवीन ब्रँच, मग निवांत बघा काय काय आहे ते.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. कुठल्याच ब्रँचमधून पोचता येत नाही अशा कमिटची रीफ्लॉगमधली नोंद डीफॉल्टने 30 दिवस टिकते (बाकीच्या नोंदी 90 दिवस), त्यानंतर साफसफाई झाली की संपलं. आणि रीफ्लॉग फक्त तुमच्या लोकल कॉपीत असतो, तो पुश होत नाही. घाबरून अख्खं फोल्डर डिलीट करून नव्याने क्लोन करणारे लोक असतात ना, ते स्वतःच्या हाताने शेवटचा दोर कापतात.

कमिट नव्हतं पण 'गिट अ‍ॅड' झालं होतं, म्हणजे फायली पुढच्या कमिटसाठी निवडल्या होत्या, तरी आशा आहे. 'गिट एफएससीके' (fsck) ला लॉस्ट-फाउंड हा ऑप्शन देऊन चालवा, डॉट-गिटच्या आत लॉस्ट-फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये फायली येतील, पण नावाच्या जागी नुसते हॅश, त्यामुळे एकेक उघडून ओळखायची. वैताग आहे पण परत लिहिण्यापेक्षा बरा. अ‍ॅडही केलं नसेल तर गिटच्या हातात काही नाही, एडिटरची लोकल हिस्ट्री बघा, व्हीएस कोडमध्ये टाइमलाइन म्हणून असते, इंटेलिजेमध्येही आहे.

प्रश्न: चुकून एपीआय की (दुसरी सेवा वापरायचा पासवर्डसारखा गुप्त कोड) पुश झाली. लगेच पुढच्या कमिटमध्ये काढली आणि फाइल गिटइग्नोअरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फायलींची यादी) टाकली. रेपो प्रायव्हेट आहे, आता चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. जुना कमिट उघडल्यावर ती एपीआय की समोर, आणि ज्यांनी ज्यांनी पुल केलंय त्यांच्याकडेही ती पोचली. पहिलं काम म्हणजे ती की रद्द करून नवीन काढा, आत्ता, हे वाचायचं थांबवून. हिस्ट्री 'गिट फिल्टर-रेपो' ने साफ करता येते, पण त्याने पुढचे सगळे हॅश बदलतात, फोर्स पुश करावं लागतं, सगळ्यांना नव्याने क्लोन करायला लावावं लागतं, आणि की जुनीच ठेवली तर हा सगळा खटाटोप वाया. गिटइग्नोअरचं म्हणाल तर आधीपासून ट्रॅक होत असलेल्या फाइलला ते लागूच होत नाही, तिला 'गिट आरएम' कॅश्ड ऑप्शनसह चालवून बाहेर काढावं लागतं.

प्रश्न: एक बग मधेच कधीतरी घुसलाय, हजारभर कमिट आहेत, कोणता ते कसं शोधायचं?

उत्तर: 'गिट बायसेक्ट'. एक चांगला कमिट आणि एक वाईट सांगा, ते मधला काढून देतं, तुम्ही चालतंय की नाही तेवढं सांगायचं, दरवेळी निम्मे गळतात. हजारात साधारण दहा फेऱ्या. टेस्ट स्क्रिप्ट असेल तर 'बायसेक्ट रन' ला देऊन टाका, शून्य परत आलं तर चांगला, एक आलं तर वाईट, आणि बिल्डच होत नसेल तर स्क्रिप्टमधून 125 परत करा, तो कमिट वगळला जातो.

फक्त कमिट छोटे हवेत. चाळीस फायलींचा 'मिसलेनियस फिक्सेस' निघाला तर पुढचं खोदकाम तुमचंच. आणि झालं की 'बायसेक्ट रीसेट' मारा, नाहीतर डिटॅच्ड हेडवरच, म्हणजे कुठल्याच ब्रँचवर नसताना, नवीन काम सुरू कराल.