गौण पात्र की दुय्यम पात्र?

प्रश्न असा आहे: कादंबरीतल्या ‘मायनर कॅरेक्टर’ला मराठीत दुय्यम पात्र म्हणावं की गौण पात्र? की दोन्ही एकच?

अर्थ जवळजवळ एकच, वापर मात्र वेगळा. ‘दुय्यम’ फारसीकडून आला, मूळ अर्थ नुसता ‘दुसरा’. पण कचेरीत दुसरा म्हणजे खालचा, आणि तो वास शब्दाला चिकटला: दुय्यम दर्जा, दुय्यम वागणूक. त्याची जोडी अव्वलशी. ‘गौण’ची जोडी मुख्यशी. ‘तो मुद्दा गौण आहे’ म्हणताना मुद्दा हलका ठरत नाही, आत्ता बाजूला राहतो इतकंच. (वाळूसारख्या ‘गौण खनिजा’पायी नद्यांचं काय होतं हे पाहिलेला माणूस गौणला कमी लेखणार नाही.) शब्द ‘गुण’वरून झालेला. ‘हा मुलगा सिंह आहे’ हे शास्त्रकारांचं ठरलेलं उदाहरण; मुलगा काही जनावर नव्हे, सिंहाचा गुण त्याच्यात दिसतो, म्हणून तो अर्थ गौण.

मी गौण म्हणतो. का, ते डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’वरून सांगतो. 1860-61 मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आलेली, पोर जाणतं होण्याची ही गोष्ट. अनाथ पिप बहिणीकडे वाढतो, मेहुण्याचं नाव ‘जो’, तो लोहार. पिप श्रीमंत घरी पत्ते खेळायला जातो, तिथली एस्टेला त्याला हसते: हा ‘नेव्ह’ला ‘जॅक’ म्हणतो! (आपल्याकडे दोन्ही गुलामच, त्यामुळे अनुवादकाची पंचाईत.) एका शब्दावरून पोराला आपल्या घराची लाज वाटू लागते. त्या दिवसापासून मेहुणा जो पिपच्या लेखी दुय्यम होतो. गौण तो लेखकाच्या लेखी, कारण पानं पिपची आहेत. नायकाची सगळी चूक या दोन शब्दांमधल्या फटीत आहे, असं मला वाटतं.

पुढे पिपला अज्ञात दात्याचा पैसा मिळणार असं कळतं. पंबलचूक नावाचा धान्यव्यापारी, कालपर्यंत त्याला जेवताना पाढे विचारून छळणारा, आता ‘हात मिळवू का?’ असं पुन्हापुन्हा विचारतो. ही बातमी आणणारा वकील जोला विचारतो, हाताखालचा पोरगा जातोय तर भरपाई काय घेणार? जो भडकतो. शेवटी पिप कर्जात बुडून तापानं पडतो. तेव्हा जो येऊन त्याची शुश्रूषा करतो, जवाहिऱ्याचे 123 पौंड 15 शिलिंग 6 पेन्स गुपचूप फेडतो आणि पहाटे न सांगता निघून जातो. पंबलचूक मात्र गावभर सांगतो की या पोराचं भाग्य मीच घडवलं, आणि तो कृतघ्न निघाला. दोघांनाही पानं थोडीच, पण माणसाचं मोल कशावरून करायचं याची दोन उलटी उत्तरं त्यांच्याकडे आहेत, आणि पिपला त्यातलं एक निवडायचं आहे.

वकिलाचा कारकून वेमिक तर एका अंगात दोन्ही जगं वागवतो. मित्राला पैशाची मदत करू का, असं पिप त्याला कचेरीत विचारतो. तो लंडनचे सहा पूल मोजून दाखवतो: हवा तो निवड आणि पैसे नदीत टाक. तोच प्रश्न वॉलवर्थच्या घरी, बहिऱ्या म्हाताऱ्या बापाच्या शेजारी बसून विचारला, तर तीच मदत गुपचूप कशी पोचवायची याची व्यवस्था तो स्वतः लावून देतो. याला दुय्यम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘उपपात्र’ही कुणीकुणी वापरतात. मला तो ताटाशेजारच्या वाटीसारखा ऐकू येतो.

आता शिंपी ट्रॅबच्या दुकानातला पोऱ्या. त्याला स्वतःचं नावही नाही. नव्या कपड्यांतला पिप गावात येतो तेव्हा हा भर रस्त्यात त्याची नक्कल करतो, ‘ओळखत नाही बुवा तुला!’ पिप चिडून ट्रॅबला पत्र लिहितो. पुढे चुन्याच्या भट्टीजवळ जोचा जुना गडी ऑर्लिक पिपचा जीव घ्यायला बसलेला असतो, तेव्हा सुटकेला आलेल्यांना वाट हाच पोऱ्या दाखवतो. पिप त्याला दोन गिनी देतो, त्या त्याला पटतात. तुझ्याबद्दल माझं मत वाईट होतं, चुकलं, असंही म्हणतो. त्याचा पोऱ्यावर काडीचा परिणाम होत नाही.