कापूस काढून गहू पेरायचाय, लोकवन पेरू की दुसरं वाण? डिसेंबरमध्ये पेरला तर उतारा किती घटेल?

भाऊ, आधी पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, कधी उपटणार ते ठरवा, वाण मग. मी चोपड्याकडचा, तापीकाठची काळी जमीन आहे, आणि एका साली फरदडीच्या, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा कापूस घ्यायच्या, नादात कापूस ठेवला तो ठेवलाच, गहू पेरायला 22 डिसेंबर उजाडला. गहू दिसायला झकास होता हो, पण फुटवे, म्हणजे बुडातून निघणाऱ्या फांद्या, कमी, आणि दाणा अजून चिकात, म्हणजे दुधाळ, असताना मार्च लागला. आपल्याकडचं मार्चचं ऊन तुम्हाला सांगायला नको, आठच दिवसात ओंब्या पांढऱ्या झाल्या आणि दाणा पोचट. शेजारच्याने तेच लोकवन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टाकलेलं, त्याच्या निम्मा माल पण मला झाला नाही.

गव्हाला फुटवे यायला थंडी लागते आणि दाणा भरायला पण, म्हणून बागायतीत 1 ते 15 नोव्हेंबर सगळ्यात भारी. त्यानंतर दर पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटलची घट धरतात, खान्देशात थंडी लवकर पळते म्हणून मी तर थोडी जास्तच धरतो. लई घाई पण नको, ऑक्टोबर हीटमध्ये पेरलं की फुटवे न होताच ओंबी बाहेर पडते.

वाणाचं म्हणाल तर वेळेवर पेरणी असेल तर लोकवन चालतं, पोळी चांगली होते, बाजारात पण मागणी आहे, फक्त तांबेरा रोगाला बळी पडतं. त्यापेक्षा त्र्यंबक किंवा तपोवन बघा. तुमचं मात्र डिसेंबरच दिसतंय, मग निफाड 34 नाहीतर फुले समाधान घ्या, समाधान वेळेवर आणि उशिरा दोन्हीला चालतं. पण दुकानदार म्हणेल हे वाण उशिराचं, कधीपण पेरा, तर ते ऐकू नका. उशिराचं म्हणजे 15 डिसेंबरपर्यंतच.

आणि उशिरा पेरताना बियाणं एकरी 40 ऐवजी 50 किलो टाका, ओळी 18 सेंमीवर घ्या, कारण फुटवे कमी येणार ते झाडांच्या संख्येनेच भरून काढायचं. पहिलं पाणी 18 ते 21 दिवसांत, तेव्हा मुकुटमुळं, म्हणजे बुडाशी येणारी मुख्य मुळं, फुटतात, लाईटच्या भानगडीत ते चुकवू नका.

15 डिसेंबर ओलांडला तर गहू सोडा आणि पाणी असेल तर उन्हाळी बाजरी करा, मी आता तेच करतो. तुमची वेचणी किती राहिलीय अजून?