पद्मिनीत पायाशी पाणी साचतंय? आधी वाट शोधा, मग सीलंट

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 1986 ची प्रीमियर पद्मिनी, धुळ्यात कडुनिंबाखाली उभी असते, पावसाळ्यात डाव्या सीटपुढे पायाशी पाणी साचतं. पुढच्या काचेभोवती दोनदा सिलिकॉन मारून झालं, तरी थांबत नाही, आणि आता गॅरेजवाला काचेचं रबर बदला म्हणतोय. बदलावं का?

बदलावं लागेलही. पण पाणी आत शिरताना डोळ्यांना दिसत नाही तोवर एक रुपयाही घालू नका. पाणी साचतं एकीकडे आणि शिरतं भलतीकडूनच. काचेच्या वरच्या कोपऱ्यात शिरलेला थेंब खांबाच्या पोकळीतून उतरतो, डॅशबोर्डमागच्या वायरिंगवरून घरंगळतो आणि पायाशी पडतो. दारातून आलेलं पाणीही तिथेच जमतं, चाकाने खालून उडवलेलंही तिथेच. त्यामुळे ओल बघून अंदाज बांधणारा माणूस हमखास चुकतो.

पहिली खात्री करा की पाणी पावसाचंच आहे. नंतर बसवलेला एसी असेल आणि ओल उन्हाळ्यातही दिसत असेल, तर कूलिंग कॉइलच्या खालची निचऱ्याची नळी धुळीने तुंबली आहे. ती बाहेरून फुंकून मोकळी केली की काम झालं. पाणी बोटाला चिकट किंवा तेलकट लागलं, तर तो कूलंट किंवा ब्रेक ऑइल आहे. तसं असेल तर गाडी चालवू नका, आधी मेकॅनिककडे दाखवा.

दुसरी गोष्ट, ओल केव्हा येते ते बघा. गाडी उभी असताना पाऊस झाला आणि आत ओलं झालं, तर वाट वरून आहे. उभी असताना कोरडी राहते, पण डबक्यातून गेली की ओली होते, तर वाट खालून आहे. मग काचेला हात लावायचं कारणच नाही.

खान्देशात आणखी एक फुकटची तपासणी आहे, ती म्हणजे धूळ. मॅट काढा, काचा बंद करा आणि उन्हाळ्यात पाच-सहा किलोमीटर कच्च्या रस्त्याने गाडी फिरवा. मग दाराच्या चौकटी, फ्लोअरची भोकं आणि डिकीच्या कडा टॉर्चने बघा. जिथून हवा आत ओढली गेली तिथे मातीची बारीक पंख्यासारखी रेघ उमटते. जिथून धूळ येते तिथून पाणीही येऊ शकतं.

आता पाण्याची तपासणी. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा. डावी सीट, मॅट आणि त्याखालचं फेल्ट बाहेर काढा. दाराजवळचं पायाशेजारचं पॅनेल काढा, डॅशखालचा कप्पा निघत असेल तर तोही. आतला पत्रा कापडाने पूर्ण कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. पावडरीवर पाण्याची वाट ओरखड्यासारखी स्पष्ट दिसते, ओल्या पत्र्यावर काहीच कळत नाही.

पाणी मारायला प्रेशर वॉशर वापरू नका. त्या दाबाने चांगल्या रबराखालूनही पाणी आत जातं आणि नसलेली गळती सापडते. शेतातली 16 मिलिमीटरची ठिबकची नळी याला उत्तम. टोक उघडं ठेवा आणि नळ इतकाच सोडा की पाणी नुसतं ओघळेल. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. सुरुवात नेहमी खालून करायची. आधी दाराखालची कड, मग दाराची बाजू, मग काचेपुढचा पत्रा आणि वायपरची बुडं, मग काचेची खालची कड, बाजू, वरची कड आणि शेवटी छताची पन्हळ. प्रत्येक जागी पाच मिनिटं. वरून सुरू केलंत तर तेच पाणी खालच्या सगळ्या जागांवरून वाहतं आणि कोणती जागा गुन्हेगार ते कळत नाही. आतल्याने थेंब बघितला की तिथेच थांबा, त्या जागेवर बाहेरून मास्किंग टेप लावा आणि पुन्हा पाच मिनिटं पाणी सोडा. थांबलं तर जागा सापडली. पण तपासणी अर्ध्यावर सोडू नका. इतक्या जुन्या गाडीत दोन-तीन वाटा असतात आणि पहिली बंद केल्यावर दुसरी दिसते.

डाव्या पायाशी येणाऱ्या पाण्यात माझा पहिला संशय काचेवर नसतो, दारावर असतो. दाराच्या काचेच्या पट्टीतून पावसाचं पाणी दारात शिरतंच. ते शिरणं हा दोष नाही, दार तसंच बनवलेलं असतं. ते पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. आपल्याकडे त्या तळाशी काळी माती, धूळ आणि निंबाचा पाला यांचा थर बसतो. रंगकाम झालेल्या गाडीत तर पेंटरने लांबी (पुट्टी) किंवा अंडरकोटिंग मारताना ती भोकंच बुजवलेली सापडतात. दार जोरात हलवा. आत पाणी खळखळलं तर उत्तर मिळालं. तळाच्या कडेला खालून हात फिरवून भोकं शोधा आणि मऊ तारेने किंवा ठिबकच्या 4 मिलिमीटरच्या बारीक नळीने (मायक्रोट्यूब) मोकळी करा. टोकदार पोगर घालू नका, कुजलेला पत्रा फाटतो. मग वरून काचेच्या फटीत लिटरभर पाणी ओता. ते मिनिटाभरात खालून निघून गेलं पाहिजे.

भोकं मोकळी असूनही आत पाणी येत असेल तर दाराचं आतलं पॅनेल उघडा. त्याच्यामागे प्लॅस्टिकचा कागद असायला हवा. स्पीकर बसवताना किंवा काचेचं मशीन दुरुस्त करताना तो फाडून फेकलेला असतो, आणि मग दारातलं पाणी पुठ्ठ्यावरून थेट आत उतरतं. नवा कागद 150 ते 200 मायक्रॉनचा घ्या. मल्चिंगचा 25–30 मायक्रॉनचा असतो, तो हँडलच्या दांड्याला लगेच फाटतो, आणि शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा वळतच नाही. कडेने बुटाईल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून तो पत्र्याला चिकटवा. खालची कड मात्र पत्र्याच्या खाचेतून दाराच्या आत सोडा. ती बाहेर राहिली तर बाकी सगळी मेहनत फुकट, कारण कागदावरून ओघळणारं पाणी पुन्हा पुठ्ठ्यावरच येतं. हे सगळं काम काही शे रुपयांत आणि एका दुपारी होतं, म्हणून आधी हेच करा.

त्रिकोणी छोट्या काचेचं रबरही याच वेळी बघा. त्याचा खालचा पुढचा कोपरा उन्हाने चिरतो. तिथलं पाणी सरळ आत, दाराच्या पॅनेलच्या अलीकडे येतं. रबर मिळालं तर बदला. त्या जागी सीलंट भरलं तर काच उघडायची बंद होईल.

दाराचं चौकटीवरचं रबर तपासायला वर्तमानपत्राची पट्टी दारात अडकवून ओढा. सगळीकडे सारखी घट्ट निघाली पाहिजे. सैल जागा सापडली तरी लगेच जाड रबर आणू नका. आधी दार अर्धं उघडून मागच्या टोकाला वर उचलून बघा. खेळ जाणवला तर बिजागरीची पिन झिजली आहे आणि दार खाली बसलंय. पिन आणि दाराची बैठक ठीक केल्यावर तेच जुनं रबर पुष्कळदा पुरतं. जाड रबर लावलं तर दार आपटावं लागतं, वरचा भाग बाहेर ढकलला जातो आणि गळती एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जाते. नवं रबर लावताना ताणू नका. ताणलेलं रबर उन्हात आकसतं आणि सांध्याला फट पडते. सेंटिमीटरभर जास्त ठेवून, दाबून बसवा आणि सांधा दाराच्या तळाकडे घ्या.

वायपरच्या बुडाशी असलेले रबराचे वॉशर छोटे दिसतात, पण तिथलं पाणी डॅशबोर्डमागे उतरतं. कडक झाले असतील तर दोन्ही बदला. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात स्पीडोमीटरची केबल, वायरिंग, नंतर ओढलेली हॉर्नची किंवा म्युझिक सिस्टिमची वायर जिथून जाते, तिथले ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवलेली रबरी कडी बघा. रात्री बोनेटखाली झगझगीत दिवा ठेवून आत अंधारात बसा, उघडी भोकं ताऱ्यांसारखी चमकतात. नुसतं भोक पाडून ओढलेल्या वायरीला ग्रोमेट घालाच. पाणी तर येतंच, पण पत्र्याच्या धारेने वायर कापून शॉर्ट होण्याचा धोका त्याहून मोठा.

आता काच. तपासणीत पाणी काचेच्या कडेनेच येताना दिसलं, तर ते काच आणि रबर यांच्यामधून येतंय की रबर आणि पत्रा यांच्यामधून, हे बघा. रबर अजून मऊ असेल, नखाने दाबल्यावर परत फुगत असेल, तर बदलू नका. आधी जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून काढा, त्याच्यावर दुसरं काहीच धरत नाही. थिनर लावू नका, रंग उठेल. मग न वाळणारं बेडिंग सीलंट आणा. रबराची ओठासारखी कड प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला, नळीचं चपटं तोंड आत घाला आणि दोन्ही खाचांत सीलंट सोडत चला. 300 मिलीची एक नळी एका काचेला पुरते. बाहेर आलेलं टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसा. हे सीलंट पुढेही मऊ राहतं, म्हणून गाडी हलली तरी फट पडत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज लावतं. नव्या गाड्यांची काच चिकटवायचं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटही इथे नको, पुढच्या वेळी काच फोडल्याशिवाय निघणार नाही.

रबर दगडासारखं झालं असेल, कोपऱ्यात भेगा असतील, तर मात्र बदलाच. धुळे-जळगावचं मे महिन्यातलं 44–45 अंशांचं ऊन रबराला पावसापेक्षा जास्त मारतं. जुन्या रबराचा तुकडा कापून नमुना म्हणून सोबत न्या आणि खाचेची रुंदी काचेच्या जाडीशी जुळते का ते बघून घ्या. इथे मिळालं नाही तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर विचारा. ही गाडी बनायचीही कुर्ल्यातच. काढताना रबराची बाहेरची कड ब्लेडने कापून टाका म्हणजे काच जोर न लावता निघते. बसवताना रबर आधी काचेवर चढवा, रबराच्या पत्र्याकडच्या खाचेत 4 मिलिमीटरची नायलॉनची दोरी भरा, दोन्ही टोकं खाली मधोमध एकमेकांवरून घ्या. साबणाचं पाणी लावा. आतला माणूस दोरी हळूहळू ओढतो आणि बाहेरचा तळहाताने काच दाबत त्याच्याबरोबर सरकतो. मुठीने ठोकू नका, कोपऱ्यावर दणका बसला की काच जाते. हे काम सकाळच्या कोवळ्या उन्हात करा. थंडीत रबर वळत नाही, आणि दुपारच्या तापल्या पत्र्यावर साबणाचं पाणी लगेच वाळतं.

काच निघाली की खालचे दोन्ही कोपरे नीट बघा, कारण खरी गोम बहुतेक तिथेच असते. रबराखाली वर्षानुवर्षं पाणी अडून पत्र्याला सुईएवढी भोकं पडलेली असतात. त्यावर नवं रबर बसवलं तर पहिल्याच पावसात पुन्हा पाणी. तारेच्या ब्रशने चकाकीपर्यंत घासा, कुजलेला तुकडा कापून सीओटू वेल्डिंगने नवा पत्रा लावा. गॅस वेल्डिंगने कड वाकडी होते आणि मग काच बसत नाही. त्यावर प्रायमर, सांध्यांना सीम सीलर, मग रंग. नुसत्या रेड ऑक्साइडवर सोडू नका, त्यातून ओल झिरपते. लांबी भरून भागवलं तर एका वर्षात तिथून पापुद्रा उठेल.

छताच्या पन्हळीतल्या जुन्या सीलरला बारीक तडे असतील तर तो खरवडून नवा सीम सीलर भरा. कॅरिअरची किंवा अँटेनाची सोडून दिलेली भोकं वेल्ड करा. डिकी तुमच्या प्रश्नात नाही, पण पाण्याची नळी हातात आहेच तर मागच्या दिव्यांची गॅस्केटं आणि मागच्या काचेची खालची कडही बघून घ्या.

खालून पाणी येत असेल तर गाडी वर घेऊन फ्लोअरची भोकं, त्यांची रबरी बुचं, सीटचे बोल्ट आणि पुढच्या चाकामागचा सांधा बघा. टोच्याने हलकं टोचा, आत गेला तर पत्रा बदलायचा. ओल्या फ्लोअरवर डांबर फासू नका. ते ओल आत कोंडतं आणि वरून चांगला दिसणारा पत्रा खालून सडतो.

हे सगळं करायची योग्य वेळ आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास, म्हणजे सीम सीलर आणि रंग वाळायला आणि चुकलं तर पुन्हा करायला जूनपर्यंत हातात दिवस राहतात. आता पाऊस चालू असेल तर निदान फेल्ट बाहेर काढून सुकवा आणि दाराची भोकं आजच मोकळी करा. गाडी कडुनिंबाखालून हलवता आली तर हलवा, लिंबोळ्यांचा चिकट गर आणि पाला सगळे निचरे तुंबवतो. काम झाल्यावर फेल्ट लगेच परत घालू नका. पत्र्यावर वर्तमानपत्र पसरून ठेवा आणि दोन मोठे पाऊस जाऊ द्या. कागद कोरडा राहिला तर मॅट टाका. ओला झाला तर डाग नेमका कुठे आहे त्याचा फोटो काढून इथे टाका, तिथून पुढे शोधू.