‘वाचते खूप, पण राहत काहीच नाही’

जूनमध्ये कॉलेजं सुरू झाली की एकदा आणि प्राध्यापक होण्यासाठीच्या सेट-नेट परीक्षांच्या तारखा जाहीर झाल्या की पुन्हा एकदा, अशी वर्षातून दोनदा एकच तक्रार माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, येते. शब्दसुद्धा जवळपास तेच असतात. “मॅडम, एम.ए. इंग्लिश करतेय. दिवसभर वाचते, पण डोक्यात काहीच राहत नाही. इतके लेखक, इतके कालखंड. मी या विषयाच्या लायकीचीच नाही.” बोलणारी मुलं बहुतेक मराठी माध्यमातली असतात, घरातून पहिल्यांदाच एम.ए.पर्यंत पोचलेली. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघांनी हेच सांगितलं, तेव्हा ठरवलं की यावर एकदा सविस्तर लिहायचं.

ज्या मुलीबद्दल लिहिते आहे तिची परवानगी घेतली आहे. तिला नाव देत नाही, गाव सांगत नाही, घरचे काही तपशीलही बदलले आहेत. आमच्या सात भेटी झाल्या. त्यातल्या तीनच इथे पुरेशा आहेत.

पहिल्या दिवशी तिने पिशवीतून एक घडी घातलेला तक्ता काढला. चार ड्रॉइंग शीट सेलोटेपने जोडलेल्या. माझ्या टेबलावर तो मावेना, म्हणून एका कोपऱ्यावर तिने पाण्याची बाटली ठेवली, दुसऱ्यावर माझं पेपरवेट. डावीकडे चॉसर, उजव्या टोकाला टोनी मॉरिसन. इंग्लंड निळ्या शाईत, अमेरिका लाल, चळवळी हिरव्या, पुस्तकांची सालं पेन्सिलीने. प्रत्येक लेखकाला एक चौकोन. अक्षर मोत्यासारखं. हे करायला किती दिवस लागले, विचारलं. “दिवाळीच्या सुट्टीपासून, मॅडम. पण सेटच्या पेपर दोनमध्ये शंभर प्रश्न असतात आणि दहावा प्रश्न आला की माझ्यासमोर पांढरं होतं सगळं.”

क्लासमधल्या सरांनी उजळणी वाढव म्हणून सांगितलं होतं, आई रोज बदाम भिजवून खा म्हणत होती, मैत्रिणीने पाठांतराचं अ‍ॅप दिलं होतं. सगळं करून झालं होतं. मी तक्त्याकडे बघत विचारलं, “यातलं तुला कोण आवडतं?”

ती गोंधळली. “आवडतं म्हणजे? कोणावर जास्त प्रश्न येतात, ते सांगू?”

हे उत्तर मी कितीतरी मुलांकडून ऐकलं आहे, आणि दर वेळी आत काहीतरी तुटतं. हजेरीपटावरची साठ नावं पाठ करायला बसलं तर चार दिवसांत निम्मी विसरायला होतात. वर्गातली मुलं मात्र वीस वर्षांनीही आठवतात, कारण त्यांच्याशी आपलं भांडण झालेलं असतं, डबा वाटून खाल्लेला असतो. हिच्या तक्त्यात हजेरीपट होता, वर्ग नव्हता. तरी मी त्या दिवशी हे तिला बोलले नाही. माझा अनुभव असा, की ‘स्मरणशक्ती’ची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला लगेच स्मरणशक्तीचे उपाय दिले, तर ती तक्रार ज्या गोष्टीवर झाकण म्हणून ठेवलेली असते, ती गोष्ट कायमची झाकली जाते. थांबावं लागतं. थांबता येणं हेच या कामातलं निम्मं कौशल्य आहे, असं मी वीस वर्षांनंतर ठामपणे म्हणू शकते.

तिसऱ्या भेटीत झाकण निघालं. हॉस्टेलबद्दल साधंच बोलणं चाललं होतं. ती एकदम म्हणाली, “एक सांगू? मी एक पुस्तक पेपरचं कव्हर घालून वाचते.”

मी काहीच बोलले नाही.

“विंदांचं ‘राजा लिअर’. आधी ते वाचते, मग इंग्लिश. कोणाला दिसू नये म्हणून कव्हर. एकदा रूममेटनी विचारलं होतं, अगं, तू शेक्सपिअर मराठीतून वाचतेस? हसल्या नव्हत्या हं त्या. नुसतं विचारलं.” एवढं बोलून तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

“मला सांग ना लिअरची गोष्ट,” मी म्हटलं. “मराठीत सांग.”

ती पंचवीस मिनिटं बोलत होती. एकदाही अडली नाही. म्हातारा राजा राज्याचे तीन भाग करतो, माझ्यावर किती प्रेम आहे ते बोलून दाखवा म्हणतो, थोरल्या दोघी साखरेत घोळून बोलतात आणि धाकटी कॉर्डेलिया म्हणते, काही नाही. इथे तिचा आवाज बदलला. “मॅडम, आमच्याकडे वाटणी झाली तेव्हा हक्कसोडपत्रावर सही करायला आत्याला बोलावलं होतं. आजोबांनी विचारलं, तुला काही बोलायचंय का? आत्या म्हणाली, काही नाही. तसंच म्हणाली. कॉर्डेलियाचं वाचलं तेव्हा मला आत्याच दिसली.”

“आणि तू म्हणतेस, लक्षात राहत नाही?”

तेव्हा मला लख्ख दिसलं, की या मुलीची स्मरणशक्ती उत्तम आहे. ती फक्त चोरून वाचते आहे. चोरून वाचणाऱ्याचं अर्धं लक्ष पानावर असतं आणि अर्धं दाराकडे. पुस्तक उघडलं की आधी ‘हे माझ्यासाठी नाही’ ही लाज उघडते, आणि तिला गप्प करण्यात सगळी ताकद जाते. परीक्षेत समोर पांढरं होतं ते याच लाजेमुळे. माझा हा विश्वास जुना आहे: शिकण्यातल्या बऱ्याच अडचणी बुद्धीच्या नसतात, नात्याच्या असतात. विषयाशी, शिकवणाऱ्याशी आणि स्वतःशी असलेल्या नात्याच्या.

मी बी.ए. इंग्रजी घेऊन केलं आहे, मानसशास्त्राकडे नंतर आले. तिचा तक्ता बघताना पहिल्याच दिवशी मला एक चौकोन दिसला होता. आता तोच उघडायला सांगितला. निळ्या शाईत लिहिलं होतं: कीट्स, १७९५ ते १८२१, ओड्स, नेगेटिव्ह केपेबिलिटी. खाली बारीक अक्षरात: ऑन फर्स्ट लुकिंग इनटू चॅपमन्स होमर, १८१६, पेट्रार्कन सॉनेट.

“या शीर्षकाचा अर्थ सांग.”

“चॅपमनचा होमर... पहिल्यांदा पाहिला तेव्हा.” ती थांबली. “होमर चॅपमनचा कसा? होमर तर ग्रीक ना?”

“हो. चॅपमन कोण?”

“अनुवाद... चॅपमननी अनुवाद केलाय?” आणि मग अगदी हळू, “म्हणजे कीट्सला ग्रीक येत नव्हतं?”

नव्हतं. त्याचे वडील लंडनमध्ये भाड्याच्या घोड्यांचा तबेला सांभाळायचे. कीट्स आठ वर्षांचा असताना घोड्यावरून पडून गेले, चौदाव्या वर्षी आईही गेली. ऑक्सफर्ड नाही, केंब्रिज नाही. तो औषधं आणि मलमपट्टी शिकला, गायज हॉस्पिटलमध्ये सर्जनच्या हाताखाली जखमा बांधत होता. होमर मूळ ग्रीकमधून वाचणं ही तेव्हा वरच्या वर्गाची ओळख होती. ऑक्टोबर १८१६ मध्ये, वयाची एकवीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, तो एका मित्राकडे गेला. हा मित्र म्हणजे त्याच्या शाळेच्या हेडमास्तरांचा मुलगा, चार्ल्स काउडन क्लार्क. दोघांनी रात्रभर जागून चॅपमनचा दोनशे वर्षं जुना अनुवाद मोठ्याने वाचून काढला. पहाटे कीट्स चालत घरी गेला, आणि सकाळी दहाच्या सुमाराला क्लार्क नाश्त्याला आला तेव्हा टेबलावर ही चौदा ओळींची कविता येऊन पडलेली होती.

तिने फोनवर कविता शोधली. मी मोठ्याने वाचायला सांगितलं. सोन्याच्या राज्यांतून आपण पुष्कळ हिंडलो, कवी म्हणतो. होमरच्या मुलखाबद्दल ऐकून होतो, पण तिथली स्वच्छ हवा छातीत भरून घेतली ती चॅपमन खड्या आवाजात बोलताना ऐकला तेव्हाच. मग वाटलं, आकाश न्याहाळणाऱ्याच्या नजरेत एखादा नवा ग्रह तरंगत यावा तसं. पनामातल्या डेरिएनच्या शिखरावरून स्पॅनिश सेनानी कोर्तेझ पहिल्यांदा पॅसिफिक बघतो आणि त्याची माणसं एकमेकांकडे बघत राहतात, निःशब्द, तसं.

“यात एक चूक आहे,” मी सांगितलं. “तिथून १५१३ मध्ये पॅसिफिक पाहिला तो बाल्बोआने. कोर्तेझने नाही. कविता आजही त्या चुकीसकटच छापतात.”

ती रडायला लागली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. अशा वेळी मध्ये येऊ नये. काही मिनिटांनी तिने डोळे पुसले, तक्त्यातल्या त्या चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “मी हे गेल्या दिवाळीपासून पाठ करतेय.”

त्या वाक्यातलं दुःख आणि सुटका मी अजून विसरलेले नाही. वर्षभर ती ज्या ओळीची घोकंपट्टी करत होती, तिच्या आत तिच्यासारखाच कोणीतरी अनुवादाचं पुस्तक हातात घेऊन बसलेला होता.

पुढच्या भेटीत ती प्रश्न घेऊन आली. “मोठ्या लोकांनी त्याला स्वीकारलं का?” मी खरं तेच सांगितलं. १८१८ मध्ये एका मासिकाने लिहिलं, की परत दुकानात जा, मलमं आणि गोळ्यांकडे. पंचविसाव्या वर्षी तो रोममध्ये क्षयाने गेला. खोटा दिलासा मी कोणालाच देत नाही; मुलांना तो लगेच ओळखू येतो. मात्र याच भेटीत आम्ही तक्त्याच्या लाल शाईकडे वळलो. १८२० मध्ये सिडनी स्मिथ या इंग्रज टीकाकाराने विचारलं होतं, जगाच्या चारी दिशांत अमेरिकन पुस्तक वाचतं कोण? भाषा इंग्लंडची, नमुने इंग्लंडचे, तुमचं असं काय आहे? १८३७ मध्ये अमेरिकन विचारवंत इमर्सनने भाषणात सांगितलं, की युरोपच्या दरबारी काव्यदेवतांचं आपण फार दिवस ऐकलं. आणि मग १८५० मध्ये हॉथॉर्नचं ‘द स्कार्लेट लेटर’, पुढच्या वर्षी मेलव्हिलचं ‘मोबी डिक’, १८५४ मध्ये थोरोचं ‘वॉल्डन’, १८५५ मध्ये व्हिटमनचं ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’. ही सालं तिला आधीही पाठ होती. तिने ती पुन्हा एकदा म्हटली आणि हसली. “हे तर उत्तर दिलंय, मॅडम. पाच-सहा वर्षांत.”

इथून पुढे जे सांगते ते तिच्यासारख्या सगळ्यांसाठी.

चळवळी नावाने पाठ करू नका, भांडण म्हणून वाचा. वर्ड्सवर्थ कोणावर रागावला होता? कवितेतल्या नटव्या भाषेवर. म्हणून १७९८ चं ‘लिरिकल बॅलड्स’, आणि दोन वर्षांनी त्याला जोडलेली प्रस्तावना, की माणसं खरोखर बोलतात त्या भाषेत लिहा. विसाव्या शतकातला टी. एस. एलियट कोणावर रागावला होता? वर्ड्सवर्थसारख्या रोमँटिक कवींच्या भावनांच्या पुरावर. म्हणून तो मागे जाऊन सतराव्या शतकातल्या जॉन डन या कवीला शोधून काढतो. डनला ‘मेटाफिजिकल’ हे लेबल चिकटलं ते टीकाकार सॅम्युएल जॉन्सनमुळे, डन गेल्यावर जवळपास दीडशे वर्षांनी. डनला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता, की आपण कुठल्या चौकोनात आहोत. कोण कोणाला उत्तर देतं आहे हे कळलं की सालं आपोआप रांगेत उभी राहतात.

नोट्सच्या आधी मूळ मजकूर. थोडाच, पण मोठ्याने. मग तो मराठीत, शक्यतो आपल्या घरच्या बोलीत, कोणाला तरी सांगायचा. ऐकणारं कोणी नसेल तर फोनवर स्वतःचंच रेकॉर्डिंग करा. जे मराठीत सांगता येत नाही ते इंग्रजीतही समजलेलं नसतं, हे मी अनेक मुलांमध्ये पडताळून पाहिलं आहे.

आणि मराठी अनुवाद लपवू नका. विंदा स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक होते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, मराठीत सुनीत, म्हणजे सॉनेटच, रुजवलं ते केशवसुतांनी. दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. कृष्णवर्णीय अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज वाचताना नामदेव ढसाळ आठवले तर तो अभ्यासात आलेला अडथळा नाही, तोच अभ्यास आहे. वाघिणीचं दूध म्हणून इंग्रजीची भीती आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या घातली गेली आहे. ते दूध आपल्याच वाटीतून प्यायलं तरी चालतं.

पालकांसाठी एकच. मूल “मला जमत नाही” म्हणालं की लगेच “जमेल रे” म्हणू नका. आधी “काय वाचतोयस, मला सांग” म्हणा आणि तुम्हाला विषय कळत नसला तरी ऐका. मात्र झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्याचाच कंटाळा बोलण्यात येत असेल, तर हा नुसता अभ्यासाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांकडे न्या. १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो आणि मराठीत बोलता येतं.

त्या वर्षी तिची सेट निघाली नाही. थोडक्यात गेली. निकालाच्या दिवशी तिचा फोन आला, तेव्हा आवाज पडलेला होता, पण ‘लायकी’ हा शब्द तिच्या तोंडी आला नाही. पुढच्या खेपेला निघाली. पेढे घेऊन आली, तक्ताही आणला होता. आता त्यावर जागोजागी मराठीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. लिअरच्या चौकोनात दोनच शब्द: ‘आत्या. वाटणी.’

जाताना दारात थांबून तिने विचारलं, “मॅडम, चॅपमनचं तुम्हाला पहिल्या दिवशीच दिसलं होतं ना? मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“पेपरच्या कव्हरचं तू कुठे सांगितलं होतंस तेव्हा?” मी म्हटलं.