बाईंना विचारा : मोराचे अश्रू, माश्यांचा हिशेब आणि पिशवीचा कागद

प्रश्न : बाई, आमचं शेत नायगावच्या मयूर अभयारण्याच्या अंगाला आहे. गावात म्हणतात, मोर ब्रह्मचारी असतो, त्याचे अश्रू पिऊन लांडोरीला अंडी होतात. आठवीतला नातू ऐकून हसतो. खरं काय?
— एक शेतकरी, ता. पाटोदा

उत्तर : दादा, नातू बरोबर आहे. मोर लांडोरीच्या पाठीवर चढतो, दोघांची शेपटीखालची छिद्रं क्षणभर एकमेकांना टेकतात आणि काम होतं. बहुतेक पक्ष्यांच्या नराला बाहेर दिसेल असं लिंगच नसतं, आणि सगळं काही सेकंदांत उरकतं, म्हणून ते कुणाच्या नजरेला पडत नाही. नाच मात्र सगळ्यांना दिसतो. तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर मृग लागल्यावर भल्या सकाळी बांधावर गुपचूप बसा. पावसाळा सरता सरता पिसारा गळतो, मग लांडोरीही तिकडं फिरकत नाहीत.

मला खरी मजा वाटते ती लांडोरीची. मादी आपल्या पसंतीनं नर निवडते, म्हणून पिसारा इतका वाढला, असं डार्विननं १८७१ साली लिहिलं. त्याचा सहकारी वॉलेस याला ते पटलं नाही. मादीला कसली आली आवड! ही शंका शंभर वर्षं टिकली. १९९१ मध्ये मेरियन पेट्री यांनी इंग्लंडमधल्या एका प्राणी-उद्यानात मोजून दाखवलं की ज्याच्या पिसाऱ्यावर डोळे जास्त, त्याला लांडोरी जास्त. मग जपानमध्ये सात वर्षं निरीक्षण झालं, ते २००८ मध्ये छापून आलं आणि त्यात असा काही संबंधच सापडला नाही. पुढं २०१३ मध्ये तर लांडोरीच्या डोक्यावर बारीक कॅमेरे बांधून ती नेमकी कुठं बघते ते टिपलं. मोर एवढा फुलून उभा, आणि बाईसाहेब बघतात पिसाऱ्याच्या खालच्या भागाकडं. तेही थोडाच वेळ, बाकी लक्ष इकडंतिकडं. नातवाला हे नक्की सांगा.

प्रश्न : मॅडम, मी लातूरला नीटची तयारी करते. क्लासमध्ये सर म्हणाले, ‘नर उतावळा, मादी लाजाळू आणि एकनिष्ठ, हे प्रयोगानं सिद्ध झालंय, म्हणून पुरुष तसे आणि बायका अशा.’ मुलं हसली, आम्ही मुली गप्प बसलो. खरंच सिद्ध झालंय का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : गप्प कशाला बसलीस गं? तो प्रयोग कोणता, एवढं तरी विचारायचं होतं.

तो प्रयोग १९४८ चा, इंग्लंडमधल्या बेटमन यांचा. पिकलेल्या केळ्यावर घोंगावतात त्या बारीक फळमाश्या त्यांनी बाटल्यांत ठेवल्या. तेव्हा डीएनए तपासणी कुठली! म्हणून प्रत्येक माशीत एकेक वेगळा, डोळ्यांना दिसणारा दोष निवडला : कुणाचे पंख वाकडे, कुणाचे डोळे वेगळे. पिल्लात कुणाचा दोष उतरला त्यावरून आईबाप ठरवायचे. निष्कर्ष असा निघाला की नराला जितक्या जास्त माद्या तितकी संतती जास्त, मादीला मात्र एकापेक्षा जास्त नरांचा फारसा फायदा नाही. १९७२ मध्ये जीवशास्त्रज्ञ ट्रिव्हर्स यांनी यावर मोठा सिद्धान्त उभा केला आणि मग हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत कायमचा जाऊन बसला.

पुढं पॅट्रिशिया गोवाटी या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटमन यांचा प्रयोग जुन्याच पद्धतीनं पुन्हा केला. २०१२ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या पिल्लांत आईचा आणि बापाचा असे दोन्ही दोष यायचे, ती बरीचशी मोजणीच्या आधीच मरायची. मरणाऱ्यांची नोंदच नाही, म्हणजे हिशेब मुळातून वाकडा. बेटमन यांच्या मूळ आकड्यांत तर बापांच्या नावावर आयांपेक्षा जास्त पिल्लं निघतात. प्रत्येक पिल्लाला एक आई आणि एक बाप, मग हे कसं? चौथीतल्या लेकरानं पकडावी अशी चूक, आणि साठ वर्षांहून जास्त काळ कुणाला दिसली नाही! मला वाटतं, उत्तर मनासारखं आलं म्हणून कुणी बेरीज तपासली नाही.

आता आपल्या वानरांकडं ये, काळतोंडे, लांब शेपटीचे. १९६० च्या दशकात धारवाडच्या जंगलात जपानी संशोधक सुगियामा यांनी पाहिलं की टोळीवर नवा हुप्प्या, म्हणजे मोठा नर, आला की तो आधीच्याची तान्ही पिल्लं मारतो. पिल्लू गेलं की आईचं दूध थांबतं आणि ती लवकर माजावर येते. पुढं सारा ब्लाफर हर्डी यांनी १९७१ पासून राजस्थानातल्या अबूच्या डोंगरात वर्षानुवर्षं याच वानरांचा पाठलाग केला, पण नजर ठेवली माद्यांवर. त्यांना काय दिसलं? माद्या टोळीबाहेरच्या नरांकडं स्वतःहून जातात. गाभण असलेलीसुद्धा नव्या नराशी संग करते. का? हर्डी यांचं उत्तर असं की, हे पिल्लू आपलं असेल अशी शंका ज्याच्या मनात आहे तो त्याला सहसा हात लावणार नाही. म्हणजे मादीचं हे वागणं तिच्या लेकरासाठीचा बंदोबस्त. लाजाळू म्हणे!

आणि तळ्यातल्या कमळाच्या पानांवर चालणारा कमळपक्षी बघ. मादी आकारानं मोठी, एकापाठोपाठ अनेक नरांना अंडी देऊन पुढं जाते. उबवायचं आणि पिल्लं सांभाळायचं काम बापाचं. तुझ्या सरांनी निसर्गनियम म्हणून हा पक्षी का नाही निवडला, हे त्यांनाच विचार. वानरावरून किंवा माशीवरून माणसाच्या बायकांनी कसं वागावं ते ठरत नाही, हे माझ्या बाजूच्या उदाहरणांनाही लागू आहे बरं. पेपरात मात्र पुस्तकातलं लिही, चार गुणांसाठी भांडू नकोस.

प्रश्न : तीन मुली झाल्या. सासूबाई म्हणतात माझी कूसच तशी. आता मुलगा होण्याचं औषध आणलंय, दुसऱ्या महिन्यापासून घ्यायचं.
— ता. धारूर

उत्तर : ताई, ते औषध घेऊ नका, त्यात काय काय असेल सांगता येत नाही. बीज फळतं त्याच क्षणी मुलगा की मुलगी ते ठरलेलं असतं. दुसऱ्या महिन्यात कुणाच्या बापालाही ते बदलता येत नाही. आणि ते ठरतं वडिलांच्या बीजावरून. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स या बाईंनी पिठात होणाऱ्या एका भुंग्यावर हे शोधलं : मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रं, नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक छोटं. त्या छोट्यानं नर होतो, आणि ते फक्त नराकडंच असतं. माणसातही मुलगा ठरवणारं वाय गुणसूत्र बापाकडूनच येतं. कूस कुणाची खराब ते यावरून सासूबाईंना समजावा. माझं नाव सांगून समजावलं तरी चालेल.

प्रश्न : आई-वडील कोयत्यावर जातात. मी बीडला बी.ए. करते. माझ्या धाकट्या भावानंतर आईच्या अंगावरून पांढरं जायचं. डॉक्टर म्हणाले गर्भाची पिशवी सडली, कॅन्सर होईल, काढून टाका. तेव्हा ती २९ ची होती, आता ३८ ची आहे. ‘पाळीचा खाडा मिटला, बरं झालं’ असं म्हणायची. पण आता अंगातून वाफा निघतात, कंबर धरते, मोळी उचलवत नाही. पिशवी काढल्यानं असं होतं का?
— एक मुलगी, बीड

उत्तर : पोरी, तुझी आई एकटी नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीनं बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. एक दिवस काम पडलं की मुकादम खाडा लावतो, म्हणजे पैसे कापतो, फडात संडास नाही, धुवायला पाणी नाही. तिथं पाळी म्हणजे संकटच. पण पांढरं जाणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गानं होतं, ते गोळ्यांनी बरं होतं. केवळ त्यासाठी २९ व्या वर्षी पिशवी काढायला नको होती.

आता मुद्द्याचं. पिशवी वेगळी आणि अंडाशय वेगळे. पिशवीत गर्भ वाढतो. तिच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन अंडाशय असतात, ते इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन तयार करतात. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखतं, रक्तवाहिन्या जपतं. नुसती पिशवी काढली तर अंडाशय काम करत राहतात, फक्त काही जणींत ते लवकर थकतात. दोन्ही अंडाशयही काढले तर पन्नाशीच्या आसपास हळूहळू यायचं ते एका रात्रीत येतं : वाफा, झोप उडणं, हाडं ठिसूळ होणं, पुढं हृदयविकाराचा धोका. आईला होतंय ते यात बसतं, पण तपासल्याशिवाय ठाम म्हणता येणार नाही.

म्हणून घरातली जुनी थैली, पत्र्याची पेटी, जिथं कागद ठेवता तिथं दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड शोध. त्यावर ‘टीएएच’ असं इंग्रजीत असेल तर पोटातून पिशवी काढली. पुढं ‘बीएसओ’ असेल तर नळ्यांसह दोन्ही अंडाशयही गेले. कार्ड सापडलं नाही तर सोनोग्राफीत कळतं, आणि रक्ताच्या एफएसएच तपासणीत अंडाशय चालतात की नाही ते समजतं. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात स्त्रीरोग विभागाची ओपीडी आहे, तिथं आईला घेऊन जा आणि तीन गोष्टी विचार : हाडांची घनता कधी तपासायची, कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व किती घ्यायचं, आणि हार्मोनच्या गोळ्या चालतील का. पिशवी नसलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देता येतं, आणि एवढ्या कमी वयात अंडाशय गेले असतील तर पाळी जायच्या नेहमीच्या वयापर्यंत ते बहुधा देतात. मात्र छातीत गाठ, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असेल तर तो आधी सांगायचा.

दसऱ्याला टोळ्या निघतील. त्याआधी जाऊन या, आणि कार्डाचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेव, फडात कागद टिकत नाहीत.