आपल्या दिवाळीत राम कुठंय?

चिऊ,

गुरुवारी रात्री जेवताना तू विचारलंस आणि मी म्हटलं, "आधी वरणभात संपव." ते काही उत्तर नव्हतं. खरं म्हणजे मला त्या क्षणी सुचलंच नाही. आता तू झोपली आहेस आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी डब्याच्या तळाचा चिवडा खात बसलोय. मराठीतच लिहितो. जोडाक्षरांवर अडलीस तर आईला विचार.

तुमच्या इथल्या, एडिंबराच्या शाळेत मिसनी वर्गात दिवाळीचं चित्र दाखवलं. राम, सीता, लक्ष्मण अयोध्येला परत येतायत आणि लोक दिवे घेऊन उभे आहेत. मग त्यांनी विचारलं, कोणाच्या घरी दिवाळी असते? तू हात वर करून सांगितलंस की आमच्याकडे पहाटे उठवून अंगाला तेल चोळतात, मग एक कडू गोळा पायाखाली फोडायचा असतो, आणि बाबा हॉलमध्ये मातीचा किल्ला करतात. पोरं हसली. त्यावर तुझी ती मैत्रीण, जिचे आजी-आजोबा लखनौला असतात, म्हणाली की ही दिवाळीच नव्हे. म्हणून तुझा प्रश्न: "बाबा, आपल्या दिवाळीत राम कुठंय? आपण चुकीची दिवाळी करतो का?"

आधी रामाचं सांगतो. आपल्या घरी राम वनवासातून परत येतो तो गुढीपाडव्याला. साताऱ्याची आजी दर पाडव्याला गुढीला साखरेची गाठी बांधताना हेच सांगते: राम आला म्हणून लोकांनी गुढ्या उभारल्या. म्हणजे चैत्रात, मार्च-एप्रिलच्या सुमाराला. लखनौच्या आजी सांगतात, तो आश्विनातल्या अमावास्येला आला. तुझ्या वयाचा असताना मीही आजीला विचारलं होतं, राम काय दोनदा आला का? आजीने माझ्या हातात बेसनाचा लाडू दिला आणि खेळायला पिटाळलं. आपल्या घरी प्रश्न मिटवण्याची ही जुनी पद्धत. माझ्या वरणभाताचं मूळ तिथेच आहे.

तेव्हा राम आपल्याकडे आहे, पण दिवाळीत त्याला फारसं काम नाही. आपली दिवाळी सुरू होते मोरीत.

साताऱ्याच्या घरी परसात तांब्याचा बंब होता. आजी पहाटे चारच्या आधी उठून तो पेटवायची. आम्ही पोरं गोधडीत असायचो, पण लाकडाचा धूर नाकात गेला की कळायचं, आता सुटका नाही. पाटाभोवती रांगोळी, शेजारी तेलाची वाटी. थंडीने अंगावर काटा आलेला, आणि आजीचा तळहात असा खरखरीत की तेल लावते आहे की पाठ घासते आहे कळू नये. मग उटणं. त्यात मसुराच्या डाळीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा असं बरंच काही असतं. तो वास वर्षातून एकदाच येतो. म्हणूनच आईने यंदा पुडी फोडल्यावर मी दोन मिनिटं गप्प झालो होतो. तू विचारलंस, "बाबांना काय झालं?" काही नाही, साताऱ्याला जाऊन आलो. उटण्यानंतर मोती साबण, वर्षातला एकुलता एक. आंघोळ चालू असतानाच गल्लीत कुणाचा तरी पहिला फटाका वाजायचा आणि आपला नंबर हुकला म्हणून मला रडू यायचं.

आणि सूर्य उगवायच्या आत आंघोळ झाली नाही तर थेट नरकात! तो धाक आमच्यावर पुरेपूर चालला. तुझ्यावर चालत नाही, हे मी यंदा बघितलंच.

नरक या नावाचा एक असुर होता. प्राग्ज्योतिषपूरचा राजा, म्हणजे आजच्या आसामातला. त्याने सोळा हजार बायकांना कोंडून ठेवलं होतं. कृष्णाने त्याला मारलं आणि या लढाईत सत्यभामा त्याच्या बरोबरीने होती. मरताना नरकासुराने वर मागून घेतला, या दिवशी पहाटे जो मंगलस्नान करेल त्याला नरकाची पीडा होऊ नये. म्हणून नरकचतुर्दशी, म्हणून ते तेल आणि ती पहाट.

आता कडू गोळ्याचं. तो तुझ्या आईचा वारसा, कोकणातल्या कुडाळचा. तिकडे आंघोळ झाली की तुळशीपुढे उभं राहायचं आणि डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचं. कारीट म्हणजे रानात वेलीवर येणारं लिंबाएवढं हिरवं फळ, कडूजहर. फोडताना "गोविंदा, गोविंदा" असं ओरडायचं आणि त्याचा रस जिभेला लावायचा. कारीट म्हणजे नरकासुर. शेजारी गोव्यात तर त्याचे उंचच्या उंच पुतळे करतात, रात्रभर मिरवतात आणि पहाटे जाळतात.

एडिंबरात कारीट कुठून आणणार? पहिल्या वर्षी आईने काकडीचा तुकडा वापरला. तो पायाखाली नुसता पचकन बसला, फोडल्याचं समाधान काही मिळालं नाही. दुसऱ्या वर्षी तिला दुकानात ब्रसेल्स स्प्राउट दिसले. आकार साधारण तसाच, रंग तोच, चवीला कडवट, आणि इथल्या झाडून सगळ्या पोरांना त्याचा मनापासून तिटकारा. याहून चांगला नरकासुर स्कॉटलंडमध्ये मिळणं कठीण. नुसत्या अंगठ्याने फुटत नाही, टाचेचा जोर लावावा लागतो, एवढाच काय तो फरक.

पहाटेबद्दल तू जो मुद्दा काढलास तो मी मान्य केला, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी भांडण नको. पंचांगात अभ्यंगस्नानाची वेळ चंद्रोदयापासून सूर्योदयापर्यंत असते. साताऱ्याला त्या दिवशी सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो. इथे पावणेआठ वाजून गेले तरी तो उगवत नाही. "मग पाचला का उठायचं?" या तुझ्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून आपण साडेसहाला उठलो. तोवर आजीकडे अकरा वाजले होते. तिकडे आंघोळी, फराळ, शेजारपाजारी ताटं देऊन येणं, सगळं उरकून मंडळी आडवी व्हायच्या बेतात होती. आजीने तर आपली आंघोळ झाल्याझाल्या, पहाटे पाचला, "उठलात का रे?" म्हणून फोन केला होता. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. सूर्योदयाचं गणित समजावल्यावर ती म्हणाली, "तुमच्याकडचा सूर्यसुद्धा आळशीच म्हणायचा."

आणि मी फटाक्याऐवजी परात का वाजवली, तेही सांगतो. स्कॉटलंडमध्ये २०२१ पासून संध्याकाळी सहा ते रात्री अकरा या वेळेतच फटाके उडवता येतात. दिवाळीला सवलत आहे, रात्री एकपर्यंत. सवलत दिली हे चांगलंच, पण ज्याने कोणी नियम लिहिला त्यानेही दिवाळी म्हणजे रात्र असंच धरलं. पहाटेची दिवाळी त्याच्या कानावर आलीच नसावी. तुमच्या मिसचं चित्रही तसलंच. त्यात कुणाची चूक नाही. उत्तरेची दिवाळी रात्रीची, दिव्यांची, लक्ष्मीची आणि रामाची. पहाटेचं तेल आणि नरकासुर बघायचे तर गोवा, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडू, असं खाली खाली जायचं. आपण मधले. सकाळ दक्षिणेकडून घेतली आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजनही केलं. यंदा तर तारखांचाच घोळ होता. अमावास्या भारतात सोमवारी दुपारी लागली आणि मंगळवारी संध्याकाळी संपली. तुझ्या मैत्रिणीकडे लक्ष्मीपूजन सोमवारी झालं, आपल्याकडे मंगळवारी. त्या सोमवारी संध्याकाळी आपण त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा तुझ्या केसांना सकाळचं तेल तसंच होतं. तिच्या आईने "शॅम्पू संपला का?" असं हळूच विचारलं, ते आईने अजून विसरलेलं नाही.

तू विचारलं नाहीस, पण मला स्वतःला जास्त छळणारा प्रश्न वेगळाच आहे. सोमवारी आपण एका असुराला पायाखाली चिरडतो आणि बुधवारी, पाडव्याला, दुसऱ्या असुराचं राज्य यावं म्हणून प्रार्थना करतो. आईने मला ओवाळताना काय म्हटलं आठवतं? "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." हा बळीही असुरच. वामनाने तीन पावलं जमीन मागितली, दोन पावलांत पृथ्वी आणि आकाश संपलं, तिसरं ठेवायला बळीने आपलं डोकं पुढे केलं आणि पाताळात गेला. गोष्टीत जिंकला वामन. पण गावोगावच्या बायका शेकडो वर्षं हरलेल्या राजालाच परत बोलावतायत. जोतीराव फुल्यांनी तर एकोणिसाव्या शतकात ठणकावून सांगितलं की बळी हा आपल्या शेतकऱ्यांचा राजा. आजही मराठी वर्तमानपत्रात "बळीराजा चिंतेत" असा मथळा आला की समजायचं, पाऊस लांबलाय. तुझ्या वर्गातला तो केरळचा मुलगा ओणम करतो ना, तोही याच बळीसाठी. पुढच्या वेळी वर्गात हसले तर त्याला हाताशी धर.

किल्ल्याला मात्र मी कुठल्याही पुराणातला आधार देणार नाही. सहामाही परीक्षा संपलेली, पाऊस थांबलेला, माती अजून ओली, आणि साताऱ्यात मान वर केली की समोर अजिंक्यतारा. किल्ला नाही करायचा तर काय करायचं? दगड-विटा रचायच्या, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, बुरूज थापायचे, अळीव पेरायचं. वर सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे, आणि पायथ्याशी, कुणालाही न विचारता, एक गवळण आणि प्लास्टिकचा वाघ. हल्ली बाजारात तयार किल्ले मिळतात. माझं स्पष्ट मत: विकतचा किल्ला म्हणजे दुसऱ्याने केलेला गृहपाठ.

तुला हॉलमधल्या किल्ल्याची लाज वाटली, हे मला कळलं. पण एक गंमत सांगतो. आपल्या बसमधून रोज दिसणारा एडिंबरा कॅसल ज्या खडकावर उभा आहे, तो विझलेल्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला दगड आहे, साधारण पस्तीस कोटी वर्षांपूर्वीचा. आणि सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजेही लाव्हाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर वाहून आलेला. म्हणजे तुझे दोन्ही किल्ले आगीतूनच आलेले. आणि आपण पेरतो ते अळीव म्हणजे तुम्ही शाळेत ओल्या कापसावर उगवता आणि अंड्याच्या सँडविचमध्ये घालता ते क्रेस. तेच बी. मिसना हे सांग, त्यांना आवडेल.

फराळाबद्दल आपल्या घरी एकमत होणार नाही, त्याची वाट बघू नकोस. तुझ्या आईच्या लेखी नरकचतुर्दशीची सकाळ म्हणजे पोहे: दूधपोहे, गूळपोहे, दह्यातले, फोडणीचे, सोबत काळ्या वाटाण्यांची उसळ. कोकणात भात नुकताच निघालेला असतो, त्या नव्या तांदळाचे पोहे. चकली तिच्या मते पाहुण्यांसाठी. माझ्या मते चकली नाही तर दिवाळी नाही, आणि तीही भाजणीची. तांदळाच्या पिठाच्या चकलीला मी चकली म्हणत नाही. करंजीत तिला ओलं खोबरं लागतं, मला सुकं. तिची चार दिवस टिकत नाही, माझी पंधरा दिवस टिकते. ती म्हणते, टिकते कारण कुणी खात नाही. अनारशांच्या वाटेला आम्ही दोघंही जात नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, एवढं करून तो तुपात पडल्यावर फुटून पसरला की आजी म्हणणार, "हसला." हसतो अनारसा, रडते करणारी.

तर चिऊ, आपण दिवाळी चुकीची करत नाही. तुझी मैत्रीणही चुकत नाही. तिच्याकडे राम येतो, आपल्याकडे तेल येतं. पुढच्या वर्षी तिला आदल्या रात्री आपल्याकडे राहायला बोलाव. सकाळी तिलाही पाटावर बसवू, आणि नरकासुर फोडायला तिला आपल्यातला सगळ्यात मोठा स्प्राउट देऊ. शॅम्पू आणून ठेवतो.

तुझा,
बाबा

ता. क. किल्ल्यावरचं अळीव आता कापण्याएवढं वाढलंय, हे मलाही दिसतंय. पण महाराज अजून सिंहासनावर आहेत. ते खाली उतरेपर्यंत सँडविचचं नाव काढू नकोस.