विल्यमचा ‘बिल’ आणि रिचर्डचा ‘डिक’ कसा झाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: पहिलं अक्षरही जुळत नसताना विल्यमला बिल, रॉबर्टला बॉब आणि रिचर्डला डिक का म्हणतात, आणि परदेशी सहकाऱ्याला आपणही तशी हाक मारावी का?

आधी नाव तोडलं गेलं: विल, रॉब, रिक. मग यमक जुळवत पहिलं व्यंजन बदललं: बिल, बॉब, डिक. १०६६ नंतर नॉर्मन लोकांनी आणलेली नावं इंग्लंडमध्ये इतकी रुजली की १४व्या शतकात निम्म्याहून जास्त पुरुष जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, टॉमस एवढ्यातच संपायचे. एका गावात चार रॉबर्ट असले की हाका वेगळ्या लागणारच. म्हणून रॉबचे हॉब आणि डॉबही झाले. हॉब्सन, डॉब्सन, रॉब्सन या तिन्ही आडनावांचा अर्थ एकच, रॉबर्टचा मुलगा. डिक्सन आणि हिक्स हे तसेच रिचर्डचे. बिल मात्र बराच उशिरा आला. शेक्सपिअरच्या काळातला विल्यम विलच होता.

बायकांच्या नावांत म चा प झाला. दोन्ही ओठांवरचेच वर्ण. मार्गारेट, मेग, पेग, पेगी. मेरी, मॉली, पॉली.

एडवर्डचा नेड मला सगळ्यांत सुंदर वाटतो. मध्ययुगीन इंग्रजीत स्वराआधी ‘माय’ऐवजी ‘माइन’ म्हणत. लाडाने ‘माइन एड’ म्हणता म्हणता शेवटचा न पुढच्या शब्दाला चिकटला आणि ‘माय नेड’ झालं. अ‍ॅनची नॅन आणि एलनची नेल अशाच झाल्या. ‘एप्रन’मध्ये उलटं घडलं: मूळ शब्द ‘नेप्रन’, त्याचा न आधीच्या ‘अ’ला जाऊन मिळाला आणि ‘अ‍ॅन एप्रन’ उरलं.

आता वापराचं. आपल्याकडे प्रकाशला ‘पक्या’ म्हणायचा हक्क मित्रांचा. ऑफिसच्या दारावर तो लागत नाही. बिल तसा नाही. विल्यम जेफरसन क्लिंटन राष्ट्राध्यक्ष असतानाही बिल क्लिंटनच होते. त्यामुळे बिल म्हणण्यात उद्धटपणा नाही, पण ते नाव आपण ठरवायचं नाही. ईमेलच्या शेवटी तो माणूस जे नाव लिहितो तेच वापरा. ‘रॉबर्ट’ लिहिणाऱ्याला बॉब म्हटलं तर खटकतं, आणि ‘बॉब’ लिहिणाऱ्याला सतत रॉबर्ट म्हटलं तर तुम्ही अंतर ठेवताय असं वाटतं. डिक स्वतःहून कुणालाच म्हणू नका. त्या शब्दाला अश्लील अर्थ चिकटल्यामुळे हल्लीचे बरेच रिचर्ड रिक किंवा रिच म्हणवून घेतात.

परदेशी सहकाऱ्यासाठी विमानाचं तिकीट काढायचं असेल तर पासपोर्टवरचं नाव विचारून घ्या. बिलच्या पासपोर्टवर बहुधा विल्यम असेल. उलट जॅक किंवा हॅरी हे कित्येकांचं जन्मदाखल्यावरचंच नाव असतं, म्हणून मनाने त्याचा जॉन किंवा हेन्री करू नका.